फोडणी, तडका आणि 'टेंपरिंग'

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईने विचारलंय: तिकडेच जन्मलेली लेक फोडणीला घरी 'तडका' म्हणते आणि शाळेत 'टेंपरिंग'. जॅकेटला हिंगाचा वास लागतो म्हणून फोडणीच्या वेळी कपाट घट्ट लावून घेते. यातला बरोबर शब्द कोणता?

फोडणी, दुसरा कोणता! आमटीला 'तडका मारतात' हे ऐकून कान किटले. फोडणी देतात, घालतात, करतात. मारतात ती माशी. मोहरी फुटते, आपण ती फोडतो, म्हणून फोडणी. मूळ संस्कृत स्फुट्. गुजरात्यांचा वघार आणि 'बघारे बैंगन'मधला बघार तर थेट यज्ञातून आलेत. व्याघार म्हणजे तूप शिंपडणं.

पण खरी मजा आहे ती टेंपरिंगमध्ये. आईंना तो पोलाद तापवून चिवट करण्याचा शब्द वाटतो. काही जाणकार म्हणतात, टेंपर म्हणजे सौम्य करणं, त्यावरून आला. अहो, लाल मिरचीच्या फोडणीने आमटी सौम्य झालेली यांनी कुठे पाहिली? ठसका लागला नसावा कधी. पोर्तुगीजांत 'तेंपेरार' म्हणजे जेवणाला मसाला लावणं. ते 1505 साली श्रीलंकेत उतरले आणि 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. सिंहलीत आजही कांदा, मिरची, कढीपत्ता घालून तेलात परतलेल्या पदार्थाला 'तेंपरादु' म्हणतात; तो त्यांचाच 'तेंपेरादो'. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या इंग्रजीने टेंपरिंग इथूनच उचललं. पाव आणि बटाटा ज्यांनी दिला त्यांच्याकडून एक क्रियापद आलं तर कोशकारांच्या पोटात का दुखावं? इंग्रजी टेंपर आणि पोर्तुगीज तेंपेरार, लॅटिन मूळ दोन्हींचं एकच आहे, हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न तो शब्द कढईपर्यंत कुठल्या वाटेने आला, हा आहे. म्हणजे लेक शाळेत शुद्ध इंग्रजी झाडते असं आईंना वाटतं, आणि पोरीच्या तोंडी निम्मं कोलंबो, निम्मी पणजी!

हां, जॅकेट राहिलंच. लेस्टरला माझ्या भाच्याकडे फोडणीआधी सगळ्यांचे कोट गाडीत नेऊन ठेवतात. ताई धुराच्या अलार्मखाली स्टुलावर उभी राहून ताटाने वारा घालते. तरी तो बोंबलतोच. मग वरच्या खोलीतून तिकडेच वाढलेला नातू ओरडतो, "आजी, फोडणी झाली!"

तडका म्हणत नाही तो.