प्रश्न तुमचे : शिडाच्या जहाजांची लाकडी मॉडेल्स

प्रश्न : तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं मॉडेल करते आहे. सांगाड्यावर पट्ट्या चिकटवताना मधल्या भागात त्या छान बसल्या, पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, एकीवर एक चढू लागल्या आणि कडा उचलल्या. जास्त वेळ भिजवूनही फरक पडला नाही.

उत्तर : दोष भिजवण्यात नाही. पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी आहे, जहाजाचं अंग मात्र सारखं नाही. प्रत्येक फासळीवर डेकच्या कडेपासून खाली कण्यापर्यंत कागदाची चिंधोटी धरून अंतर मोजा. समजा मध्यावर 110 मिमी भरलं, तर 5 मिमीच्या 22 पट्ट्या लागतील. नाळेशी तेच अंतर 66 मिमी असेल, तर त्याच 22 पट्ट्या तिथे प्रत्येकी 3 मिमी रुंद हव्यात. म्हणून पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. अर्ध्याहून बारीक मात्र करू नका. 5 मिमीची पट्टी अडीचच्या खाली गेली की टोक चिरतं. तशी वेळ आली तर शेजारच्या दोन पट्ट्या अलीकडेच संपवून त्यांच्या जागी एकच पट्टी पुढे न्या. मागच्या बाजूला उलटं होतं : तिथे 120 मिमी भरले तर 10 मिमी उघडे राहतात, ते पाचरीसारख्या दोन जादा पट्ट्यांनी भरा. पट्टी ताणून, वाकवून ती फट बुजवू नका.

कडा उचलण्याचं कारण आणखी मागे आहे. फासळ्यांच्या कडा काटकोनातच राहिल्या की नाळेजवळ पट्टी फक्त एका धारेवर टेकते. सपाट ठोकळ्याला 120 नंबरचा सँडपेपर लावून त्या कडा तिरप्या घासा. मग एक सुटी पट्टी लांबीच्या दिशेने धरून पाहा. ती प्रत्येक फासळीला पूर्ण टेकली पाहिजे, मध्ये कुठे पोकळी किंवा उंचवटा नको. पहिल्या दोन-तीन फासळ्यांमधल्या जागेत बाल्साचे ठोकळे बसवून तेही आकारात घासले, तर पट्टीला चिकटायला भरपूर जागा मिळते. या एका कामावर आठवडा गेला तरी तो सत्कारणी लागला असं समजा, कारण इथली चूक नंतर पुट्टीने झाकत नाही.

बासवूडच्या (मऊ, हलक्या लाकडाच्या) दीड मिमी जाड पट्टीला गरम पाण्यात 15-20 मिनिटं पुरतात. ओली पट्टी आकारात बांधून रात्रभर वाळू द्या आणि मगच चिकटवा. ओलीच लावली तर वाळताना रुंदीत आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडते. एक डावीकडे, एक उजवीकडे अशाच चढवत जा. एकाच बाजूला पाच-सहा लावल्या की कणा पिळतो. तुम्ही पांढरा गोंद वापरला असेल तर बिघडलेल्या पट्ट्या वाचवता येतील : सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, गोंद मऊ होतो आणि पातळ पात्याने पट्टी सुटते.

प्रश्न : श्राउडवर (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलणाऱ्या दोरांवर) रॅटलाइन, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोर, बांधत गेलो की कडेचे दोर आत ओढले जातात. वर-खाली ठीक आणि मध्ये कंबर बारीक, असं दिसतं.

उत्तर : प्रत्येक गाठ दोराला केसभर आत खेचते आणि तीस-चाळीस गाठींत ते डोळ्यांत भरतं. कडेच्या दोन दोरांना बाहेरून पितळी तार तात्पुरती बांधा, म्हणजे ते हलणार नाहीत. मग खालून वर सलग बांधत जाण्याऐवजी आधी दर पाचवी रॅटलाइन बांधा आणि नंतर मधल्या भरा. गाठ मधल्या दोरापासून सुरू करून बाहेर न्या. मागे रेघा मारलेलं कार्ड ठेवा. खऱ्या जहाजावर हे अंतर सुमारे 35 ते 38 सेमी असे, म्हणजे 1:64 प्रमाणात साडेपाच ते 6 मिमी. मधली प्रत्येक गाठ क्लोव्ह हिच, म्हणजे दोराभोवती दोन वेढे घेऊन आवळायची, हवी. साधी गाठ सरकते.

श्राउडच तिरपे असतील तर कारण वेगळं. ते जोडीने चढवायचे असतात : आधी उजव्या बाजूची पुढची जोडी, मग डावीची, पुन्हा उजवी. एकच बाजू आधी पूर्ण केली की डोलकाठी तिकडे झुकते.

प्रश्न : तळाला तांब्याचे पत्रे कुठून लावायला घ्यावेत? 'वासा' या स्वीडिश युद्धनौकेच्या मॉडेललाही लावता येतील का?

उत्तर : 'वासा'ला नको. ती 1628 साली बुडाली आणि तांब्याचे पत्रे ब्रिटिश आरमारात रुळले ते 18व्या शतकाच्या उत्तरार्धात. 'व्हिक्टरी' ही ब्रिटिश युद्धनौका 1765 मध्ये पाण्यात उतरली, तिलाही ते 1780 मध्ये लागले. 1869 च्या 'कटी सार्क' या ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या तळाला मुंट्झ मेटल, म्हणजे तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू, आहे, म्हणून तिथे तांबूस नव्हे, पिवळट रंग हवा.

सुरुवात मागून, कण्यालगत करा आणि पुढे व वर सरका. पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर यायला हवी, नाहीतर पाण्याच्या ओघाने पत्रा उचलला असता. नेहमीचा पत्रा 4 फूट बाय 14 इंच असे, 1:64 वर तो 19 बाय साडेपाच मिमीच्या आसपास येतो. उघड्या लाकडावर चिकटपट्टीचा पत्रा धरत नाही, म्हणून आधी सीलरचे दोन हात द्या. हातमोजे घाला. घामाचे ठसे काही दिवसांनी काळे उमटतात.

प्रश्न : काचेच्या पेटीतल्या जुन्या मॉडेलच्या तोफांवर पांढरी भुकटी आली आहे. बुरशी आहे का?

उत्तर : बुरशी नाही, शिसं गंजतं आहे. ओक किंवा प्लायवूडच्या बंद पेटीत लाकडातून आणि गोंदातून आम्लाची वाफ सुटते, आणि शिशाच्या तोफा-नांगरांचं हळूहळू पांढऱ्या शिसे कार्बोनेटमध्ये रूपांतर होतं. ती भुकटी विषारी आहे. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. मास्क आणि हातमोजे घालून ओलसर कापसाने टिपून घ्या आणि तो कापूस पिशवीत बंद करून टाका. तोफ आतून पोखरली असेल तर रंग लावून ती वाचत नाही. त्या जागी पितळेची बसवा. पेटीला खालच्या आणि वरच्या बाजूला बारीक छिद्रं पाडून त्यांवर आतून कापड लावा, म्हणजे हवा खेळेल आणि धूळ आत येणार नाही.