शिबिरातली ओढ पावसाळ्यापर्यंतच का टिकते?

प्रश्न : ताई, सलाम. मी ठाकुर्लीला राहते, नोकरी फोर्टमध्ये. चर्चच्या मंडळीत मुलांचं संडे स्कूल घेते, महिला मंडळाचे हिशेबही माझ्याकडेच आहेत. मे महिन्यात शिबिराला गेले तेव्हा प्रार्थनेतून उठावंसं वाटत नव्हतं. पाऊस सुरू होईपर्यंत सगळं ओसरलं. आता शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते ते फक्त मुलांचा पाठ तयार करायला. पहाटे साडेचारला उठते, रात्री गुडघे टेकले की डोळे मिटतात. माझी देवाची भूकच मेली असेल, तर मुलांना शिकवण्याचा मला काय अधिकार? संडे स्कूल सोडून देऊ का? – एक भगिनी

उत्तर : भगिनी, सलाम. ज्याला देव नकोसा झालाय तो असं पत्र लिहीत नाही, हे आधी मनात धरा.

आता झोपेचं बोलते. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून वाचा. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याने ऐकली, ती त्यानंतर. साडेचारला उठून, लोकलच्या गर्दीत उभ्याने जाऊन-येऊन रात्री अकराला तुमचे डोळे मिटतात, तो अविश्वास नव्हे. रात्रीचा हट्ट सोडा. ‘प्रभू, मी तुझी आहे’ एवढं म्हणून झोपा.

शिबिरातला अनुभव खराच होता, पण तो मे महिन्याचा होता. निर्गम या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, रोज सकाळी गोळा करायचा होता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा सोडला, तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले. चाळीस वर्षं देवाने त्यांना रोज बाहेर पडायला लावलं, एकदाच कोठार भरून दिलं नाही. शिबिरं भरवणाऱ्यांनीही हे मुलांना निघताना सांगायला हवं. आपण त्यांना भारावून घरी पाठवतो आणि सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगतच नाही.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची : शास्त्र फक्त पाठासाठी उघडता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन काढलं. विधवांना आसरा, शिक्षण, निंदा सोसणं, सगळं चालू होतं. तरी पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाक्य मी दरवर्षी आमच्या मंडळीतल्या नव्या शिक्षिकांना वाचून दाखवते. देवाचं काम हातून होत असताना देव हातून निसटू शकतो, आणि कामाच्या धबडग्यात ते कळतही नाही. रमाबाईंना कळलं, कारण त्या समाधान मानून बसल्या नाहीत. ख्रिस्त भेटल्यावरही त्या थांबल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, घेऊन बसल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत शास्त्र उतरवत राहिल्या, थेट १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत.

पोटाची भूक न खाता वाढते. देवाची भूक खाल्ल्याने वाढते, आणि बरेच दिवस काही मिळालं नाही की गप्प होते. म्हणून आधी ओढ वाटू दे, मग वाचेन, असं म्हणू नका. रोज थोडं घ्या, पाठासाठी नव्हे, स्वतःसाठी.

कसं, ते सांगते. माझ्या सासूबाई माझगावच्या चाळीत राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बायबलमधली स्तोत्रं तोंडपाठ. पहाटे नळाला पाणी येईपर्यंत हंड्याशेजारी बसून त्या ६३ वं स्तोत्र म्हणायच्या. दावीद राजाने यहूदाच्या रानात म्हटलेलं, निर्जल भूमीत देवाची तहान लागलेलं ते स्तोत्र. तुम्हीही पाठ करा. डब्यात पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, पण पाठ असलेल्या ओळीला जागा लागत नाही. एक स्तोत्र घ्या आणि आठवडाभर, वाटल्यास महिनाभर तेच धरा. डोंबिवली ते मुलुंड एकच ओळ घोळवत राहा आणि तीच प्रार्थना म्हणून देवाला परत म्हणा. फोन तेवढा वेळ पर्समध्ये राहू द्या. हे मी कळकळीने सांगते, कारण दिवसभर इतकं काही डोळ्यांपुढून सरकतं की मन भरल्यासारखं वाटतं आणि असतं उपाशीच.

काही दिवस काहीच वाटणार नाही. ४२ व्या स्तोत्राचा कर्ताही रडतो, आपल्याच जिवाला ‘तू का खिन्न झालास?’ असं विचारतो, आणि तरी देवाचीच आशा धरतो. तुम्हीही तसंच म्हणा. कोरडी प्रार्थनाही प्रार्थनाच असते.

राहिला संडे स्कूलचा प्रश्न. सोडू नका. मुलांना भरलेल्या घड्यासारखी शिक्षिका लागत नाही, तहानलेली चालते. पाठाचा उतारा मात्र रविवारच्या बराच आधी एकदा स्वतःसाठी वाचा, वही-पेन्सिल न घेता. सोडायचंच असेल तर महिला मंडळाचे हिशेब सोडा. येत्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पाळकांना भेटा, नाताळपर्यंत ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगा, आणि का ते मोकळेपणाने सांगा. तुमच्यासाठी प्रार्थना करायला त्यांनाही कारण मिळेल.