लाडकी बहीण, लॉटरी आणि तुझं पहिलं बजेट टिपण

तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते, पण लाडकी बहीण योजना आणि राज्याची लॉटरी, दोन्ही ठिकाणी तू बजेटच्या पुस्तकात छापलेला आकडा तसाच उचललायस, लाडकी बहीणसाठी 2025-26 ला 36,000 कोटी, लॉटरीची जमा अमुक, आणि त्यावरून थेट 'फुकटच्या पैशाने लोक काम सोडतात' आणि 'जुगारावरच्या करातून भागवता येईल' अशी दोन वाक्यं. आमदार नेमकी हीच दोन वाक्यं सभागृहात वाचून दाखवणार, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

आधी कामाचं बघू. लाडकी बहीणचे महिन्याला 1500 म्हणजे वर्षाला 18,000, आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. समज एखाद्या घराचं 2,48,000 आहे आणि बाईने शिवणकाम करून 6,000 जादा कमावले, की झाले 2,54,000 आणि गेले 18,000. कमावले सहा हजार आणि घर बारा हजारांनी मागे. कागदावर भयंकरच आहे हे. अमेरिकेवरची पुस्तकं वाचून आलेली पोरं इथेच अडकतात, कारण तिकडच्या बऱ्याच योजनांत कमाई वाढेल तशी मदत हळूहळू कमी होते आणि सगळा वाद त्या उताराचा असतो. आपल्याकडे उतार नाहीच, सरळ कडा आहे. पण त्या कड्यावर उभं कोण आहे हे तू बघितलंस का?

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. म्हणजे अर्ज घेताना सरकार उत्पन्न मोजत नाही, कार्डाचा रंग बघतं, घरात कोणी इन्कम टॅक्स भरतं का बघतं, नावावर चारचाकी आहे का बघतं (ट्रॅक्टर चालतो!). मग माणसं काय करतील, काम सोडतील? माझ्या मते काम चालूच ठेवतील आणि कागद सांभाळतील, गाडी वेगळ्या राहणाऱ्या भावाच्या नावावर घेतील, रिटर्न टाळता आला तर टाळतील, कार्ड पांढरं, म्हणजे जास्त उत्पन्नवाल्यांचं, होऊ देणार नाहीत. हा परिणाम रोजगाराच्या सर्व्हेत शोधून सापडणार नाही, आरटीओच्या नोंदींत सापडला तर सापडेल.

आणि अडीच लाखाच्या खूप खाली जी बाई आहे तिचं काय, तर तिने चार दिवस जास्त काम केलं म्हणून 1500 जात नाहीत आणि कमी केलं म्हणून वाढतही नाहीत, त्यामुळे एक दिवस जास्त राबण्याचा तिचा मोबदला होता तेवढाच आहे. कमी झाली असेल तर तिची नड. मजुरी दिवसाला 300 धर, 1500 म्हणजे पाच दिवसांचे पैसे. खुरपायला बाया मिळत नाहीत असं शेतकरी सांगतात ते खोटं नसेलही, पण बाई घरी बसली की 250 ला यायला नाही म्हणाली हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, आणि ते ठरतं मजुरीच्या दरांवरून, जे तुझ्या टिपणात कुठेच नाहीत. जाता जाता, नमो शेतकरी आणि पीएम किसान मिळून ज्या बाईला महिना 1000 पडतात तिला लाडकी बहीणचे फक्त 500 मिळतात. कमाई वाढेल तशी रक्कम कमी होत नाही पण दुसरी योजना मिळाली की होते, यावर एक परिच्छेद लिही, कोणी लिहित नाही.

कामाची अट हवीच असेल तर आपलीच रोहयो, म्हणजे रोजगार हमी योजना, वाच. वि. स. पागेंची कल्पना, 1977 चा कायदा, 1979 पासून लागू, आणि पैसा 1975 च्या व्यवसाय करातून, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची. दाखला नको काही नको, उन्हात खडी फोडायला येतो तो गरजूच. पण 1988 मध्ये मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि मागेल त्याला काम हे आखडत गेलं. आणि व्यवसाय कर? घटनेतली मर्यादा वर्षाला 2500, तीही 1988 पासून तिथेच अडकलेली.

आता लॉटरी. राज्याची लॉटरी 1969 पासून चालू आहे, पण जमेचा आकडा कधी एकटा वाचू नकोस. बजेटमध्ये 0075 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या खात्याच्या क्रमांकाखाली, जमा दिसते, आणि बक्षिसं, एजंटचं कमिशन, छपाई हे सगळं 2075 खाली खर्चात जातं. केरळचं बघ, तिथे करेतर महसुलात लॉटरीच सगळ्यात मोठी दिसते, हजारो कोटी, पण हे सगळं वजा केलं की हातात त्यातला छोटा तुकडा उरतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला म्हणून जमा त्याच प्रमाणात वाढेल असंही धरू नकोस, तिकिटाची किंमत तीच ठेवली तर बक्षिसाला किंवा कमिशनला कात्री लागते आणि मग विक्रीवर परिणाम होतो.

ऑनलाइन गेमिंगचं तर विचारूच नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळात टाकलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के लागला, राज्यांनी ते पैसे गृहीत धरायला सुरुवात केली, आणि दोन वर्षं व्हायच्या आत, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन गेमच बंद केले. जुगार घटनेत राज्यांच्या यादीत असूनही. दर महिन्याला खात्यात टाकायचा पैसा असल्या जमेवर उभा करायचा नसतो, हे मात्र बिनधास्त लिही, मी सही करतो.

टिपणात तू दिलेला गोव्याचा दाखला काढून टाक. तिथेही गृह आधारमध्ये 1500 मिळतात हे खरं, आणि मांडवीत कॅसिनो आहेत हेही खरं, पण 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे पैसा बाहेरच्याचा, आणि उद्ध्वस्त झालं तर घरही बाहेरचं, त्यातली कितीतरी आपलीच. मुंबईत कॅसिनो काढला तर खेळणारा आणि लाडकी बहीणचे पैसे घेणारी एकाच घरात असू शकतात, त्याचा खर्च मग आपल्याच बजेटमध्ये येणार. आपला 1976 चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला, तरी दर काही वर्षांनी कोणीतरी हजार कोटींचा आकडा घेऊन येतं.

तर टेबल नव्याने कर: जमा, त्यातून वजा काय काय, राज्याच्या हातात उरलं किती, आणि पुढच्या वर्षी यातलं कायद्याने कोण बंद करू शकतं. बजेटचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष, तिन्ही शेजारी शेजारी टाक. पुरवणी मागण्याही, म्हणजे वर्षाच्या मध्ये सभागृहाकडून मागून घेतलेला जादा खर्च, विसरू नकोस, लाडकी बहीणचे पैसे तिथूनही येऊ शकतात आणि मार्चचं पुस्तक बघून ते कळत नाही.