कापड वाकलं की रेझिनची वाट बदलते

साच्यात तंतूंचं कोरडं कापड ठेवून त्यात रेझिन (नंतर कडक होणारा चिकट द्रव) सोडायचं असेल, तर पारगम्यतेचा, म्हणजे कापडातून रेझिन किती सहज वाहतं त्याचा, सपाट काचेवरच्या चाचणीतला आकडा घेऊन थेट दुहेरी वळणाच्या (घुमटासारख्या, दोन्ही दिशांना वाकलेल्या) साच्यावर जाऊ नकोस. नवीन मुलं इथेच फसतात, मीही फसलो होतो.

विणलेलं कापड घुमटावर बसवलं की धागे ताणले जात नाहीत, एकमेकांवर फिरतात. ९० अंशांचा कोन ६० झाला, म्हणजे ३० अंशांचं शिअर (धाग्यांमधल्या कोनाचा बदल) झालं, की तेवढ्याच धाग्यांना क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के कमी मिळतं. बंद साच्यात जाडी ठरलेली असते, म्हणून ५० टक्के असलेलं तंतूंचं प्रमाण तिथे जवळपास ५८ वर जातं. तंतूंच्या प्रमाणावरून पारगम्यता काढणाऱ्या कोझेनी-कारमनच्या सूत्रात हे आकडे घालून बघ: पारगम्यता निम्म्याहूनही खाली येते. शिवाय सोपी वाट आता धागे जिकडे झुकले त्या तिरक्या दिशेला वळते. रेझिनचा गोल पसरणारा डाग तिथे लांबट होतो तो त्यामुळेच.

उलट, आतल्या कोपऱ्यात कापड साच्याला टेकलं नाही तर पोकळी राहते. रेझिन तिथून धावतं, आधी व्हेंट (हवा बाहेर जायचं तोंड) गाठतं आणि मागे कोरडा डाग सुटतो. कोपरा बोटाने दाबून बघच.

माझी सवय सांगतो: कापडावर मार्करने चौकोनी जाळी आखायची, ते साच्यावर बसवायचं आणि कोन मोजायचे. जिथे शिअर सर्वांत जास्त, तिथे रेझिन शेवटी पोचेल असं धरूनच व्हेंटची जागा ठरव.