शाळेला संगणक देण्याआधी रजिस्टरचं बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. उमरेड रोडवरच्या तुमच्या जुन्या शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, दहा संगणक द्यायचं ठरलं, आधीचे संगणक 'बंद आहेत' म्हणून खोलीला कुलूप आहे, आणि तुम्ही विचारताय प्रोसेसर आय-थ्री घ्यावा की आय-फाइव्ह. वर कमेंट करणाऱ्या मंडळींनी प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं सांगितलंच आहे, त्यात मी पडत नाही. आय-थ्री पुरे. पण 'बंद आहेत म्हणून कुलूप' हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या बॅचचा सगळा उत्साह नेमका याच कुलुपात गेला.

आधी एक सांगा. बंद म्हणजे काय? बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येऊन 'एफ-वन दाबा' असं दिसतं का? की विंडोज उघडतं पण एकही वेबसाइट उघडत नाही, नुसता लाल इशारा येतो? शाळेत या सगळ्याला एकच शब्द आहे, 'बंद'. यातले बरेचसे संगणक मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे बंद असतात. सीआर २०३२ म्हणतात त्याला. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टचा. नागपुरात सीताबर्डीवर कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, तर्री-पोह्याच्या एका प्लेटच्या भावात.

हा सेल संगणकाचं घड्याळ चालवतो. वीज चालू असते तोवर त्याच्यावर फारसा भार नसतो, पण मेन स्विच पाडला की घड्याळ एकट्या सेलवर. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यापायी शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तेवढे दिवस बंद खोली, वर टिनाचं छत, बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि मेन स्विच खाली. म्हातारा सेल तिथेच राम म्हणतो. शाळा उघडल्यावर संगणक सुरू केला की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली. आता प्रत्येक सुरक्षित वेबसाइट स्वतःचं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. संगणकाच्या मते आजची तारीख त्या प्रमाणपत्राच्या जन्माआधीची, म्हणून तो साइट उघडायलाच तयार नसतो. मास्तर म्हणतात नेट बंद. नेटवाला येऊन केबल तपासून जातो, म्हणतो नेट चालू आहे, संगणक खराब. झालं, कुलूप.

काही मशिनांत बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग मूळपदावर जातात आणि हार्ड डिस्क ओळखायची पद्धतच बदलते. मग विंडोज अर्ध्यावर येऊन परत परत रीस्टार्ट होतं. तेव्हा तर कोणीही शपथेवर सांगेल की डिस्क गेली. नवा सेल टाका, बायोसमध्ये तारीख आणि ती एक सेटिंग नीट करा, संगणक उठून बसतो. सगळ्याच मशिनांचं असं असेल असं माझं म्हणणं नाही, न पाहता कोणीच सांगू शकत नाही. पण नवे घ्यायच्या आधी एक तरी उघडून बघा.

आता खरी गोम. उघडणार कोण?

आमची शाळा पूर्व नागपुरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. नाव लिहीत नाही. शाळेच्या वरच्या ज्या सरकारी कार्यालयाची ही कथा आहे त्याचंही नाही. आम्ही संगणक वाजतगाजत दिले, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढले. डेड स्टॉक रजिस्टर हो, शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही. प्रत्येक कॅबिनेटवर शिपायाने पांढऱ्या ऑइलपेंटने पान नंबर, अनुक्रमांक टाकला. दोन मशिनांवर तो रंग बरोब्बर कंपनीच्या सिरियल नंबरच्या स्टिकरवर गेला. पुढे वॉरंटीत एक मॉनिटर द्यायला गेलो तर तिथला माणूस म्हणे नंबर वाचता येत नाही, घेणार नाही. (साइड टीप: सिरियल नंबरांचे फोटो डिलिव्हरीच्या दिवशीच काढून ठेवा, बिलासोबत.)

उन्हाळा गेला, शाळा उघडली, अर्धे संगणक 'बंद'. आमच्यातला एक जण हार्डवेअरचंच काम करतो, तो म्हणाला फुकट करून देतो, तासाभराचं काम आहे. मुख्याध्यापक भले माणूस, पण निवृत्तीला आलेले. म्हणाले, रजिस्टरवर चढलेली वस्तू आहे, उद्या ऑडिटवाल्याने विचारलं आतला पार्ट कोणी काढला तर माझी पेन्शन अडकेल. वरून लेखी घेऊ. आणि त्यांनी पत्र लिहिलं. त्यानंतर त्या कार्यालयात, माझ्यासमोर, तिथले बाबू आणि मुख्याध्यापक यांच्यात झालेला संवाद जवळजवळ असा:

"संगणक उघडले कोणी?"

"उघडले नाहीत साहेब, उघडायची परवानगी मागून राहिलो."

"परवानगीसाठी बिघाडाचा अहवाल लागते."

"अहवाल द्यायला उघडून पाहावं लागेल ना."

"मंग परवानगी घ्या आधी."

हे बाबूंनी चिडून नाही, अगदी शांतपणे सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी तर मनापासून सल्ला दिला की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, निर्लेखनाचा प्रस्ताव टाका. म्हणजे चालू शकणारं मशीन कागदावर मारायचं आणि भंगारात काढायचं! त्यालाही परत नादुरुस्तीचा दाखला लागतो, आणि तो त्यांच्या यादीवरच्या माणसाचाच चालतो. यादीवरचा माणूस वर्ध्याला बदलून गेलेला. आम्ही विचारलं नवी यादी कधी येईल. ते म्हणाले तुम्ही पत्र द्या.

त्यात शाळेची वेगळीच पंचाईत. यू-डायसच्या (सरकारला द्यायच्या शाळेच्या) माहितीत दरवर्षी संगणक किती, चालू किती, हे भरायचं. निर्लेखन केलं की आकडा खाली येतो, न केलं तर बंद मशिनं मोजायची. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, आणि मधे ज्या आठवीच्या वर्गासाठी आम्ही संगणक दिले होते तो वर्ग दहावी होऊन शाळेतून गेला. मला राग त्याचा आहे. पैशांचं सोडा, वर्गणी परत काढता येते.

सुटलं कसं? नवीन मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी परवानगी मागितलीच नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेतला, संस्थेच्या सचिवांची सही घेतली आणि कार्यालयाला फक्त माहितीस्तव प्रत पाठवली. हरकत आली नाही, उत्तरही आलं नाही. आमच्या मित्राने सेल बदलले, बहुतेक मशिनं त्याच दुपारी सुरू झाली. बाकीच्यांचे पॉवर सप्लाय तोवर गेले होते आणि उंदरांनी माउसच्या वायरी खाल्ल्या होत्या.

त्या ठरावाची भाषा साधारण अशी होती, हवी तर उचला: "संगणक कक्षातील साहित्याची नियमित साफसफाई, किरकोळ दुरुस्ती तसेच सेल, रॅम, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, माउस, कीबोर्ड यांसारखे सुटे भाग बदलणे यास मुख्याध्यापकांना मान्यता देण्यात येत आहे. बदललेल्या भागाची नोंद संगणक देखभाल वहीत करावी व काढलेला भाग जपून ठेवावा." शेवटचं वाक्य सोडू नका. काढलेला मेलेला सेलसुद्धा पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवला की कोणाच्या बापाची हरकत राहत नाही.

माझं मत विचाराल तर हा ठराव हातात आल्याशिवाय एक रुपयाचाही संगणक देऊ नका. आणि दान म्हणून देण्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मालकीचे ठेवून शाळेला 'वापरासाठी' दिले तर आणखी बरं, साधं पत्र करायचं, दुरुस्ती देणाऱ्यांकडे. मी वकील नाही आणि शाळेतला बाबूही नाही. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर चाल वेगळी असू शकते, अनुदानित असेल तर संस्थेचं मन वळवावं लागेल. तुमच्या मुख्याध्यापकांशी चहा घेऊन बोला, पत्रव्यवहाराने सुरुवात करू नका.

आता जुन्या मशिनांचं. दुकानदाराने तुम्हाला विंडोज ११ चालणार नाही म्हणून सांगितलं, त्यात तो खोटं बोलत नाही. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. पण म्हणून मशीन भंगार होत नाही. चार जीबी रॅम आणि छोटी एसएसडी टाका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवा, आठवी-नववीच्या पोरांना पुरून उरतं. 'लिनक्सवर पोरं शिकणार कशी' असं कोणी म्हटलं तर केरळकडे बोट दाखवा. तिथल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवून राहिल्या, आणि पोरांना पुढे विंडोज आलं नाही असं काही झालं नाही. सगळेच मात्र बदलू नका. शालार्थ या सरकारी पगारप्रणालीची बिलं आणि डिजिटल सहीचा डोंगल ज्या मशीनवर आहे त्याला हात लावलात तर सगळा स्टाफ तुमच्या मागे लागेल, आणि बरोबरच आहे. बाबूंच्या जुन्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) फिरवून घ्या, नंतर रडण्यापेक्षा.

आणि कृपा करून उद्घाटनाच्या बॅनरवर 'कोडिंग लॅब' लिहू नका. माझ्या भाच्याच्या शाळेत आहे, इंग्रजी माध्यमाची, फी ऐकून चक्कर येईल. पोरगा ठोकळे जोडून मांजर नाचवतो, प्रमाणपत्र घरी लावलंय. त्याला म्हटलं फाइल सेव्ह कुठे केलीस, तर म्हणे "मामा, सेव्हच केली". कुठे, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात नाही, कारण मोबाइलवर वाढलेल्या पोराला फोल्डर कधी दिसलेलंच नाही. गृहपाठाचा निबंध चॅटजीपीटीकडून मराठीत लिहून आणतो आणि तो ईमेलला जोडता येत नाही. मला विचाराल तर पहिले सहा महिने फक्त फाइल, फोल्डर, पेन ड्राइव्हवर नकल करणं आणि मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिकवा, रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटवायची सवय नको. १९८६ पासूनचा आराखडा आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि पुढे पोरगा कामाला हैदराबादला गेला तर तेलुगूची अक्षरंही त्याच किल्लीवर सापडतात. हे माझं जुनाट मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

खोलीचं थोडं बोलतो आणि थांबतो. डेझर्ट कूलरची हवा थेट संगणकांवर सोडू नका. ओल आणि धूळ मिळून आत असा लेप बसतो की ब्लोअरने निघत नाही. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन सगळी मशिनं तासभर चालू करावीत, सकाळी लवकर. किल्ल्या दोन ठेवा, एक शाळेत, एक तुमच्यातल्या कोणा जवळ राहणाऱ्याकडे, आणि हेही ठरावातच लिहून घ्या. यूपीएसच्या बॅटऱ्या आपल्या गर्मीत लवकर फुगतात, त्याचा खर्च आत्ताच वर्गणीत धरा.

सगळ्यात आधी मात्र अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे त्या पोरांना विचारा, मास्तरांना नाही. चांगल्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थच्या मधला विजेचा दाब मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मीठ-कोळसा घालून नवा खड्डा करायला सांगा. आणि एप्रिल-मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम शिपाईमामांना नेमून द्या, कारण आपल्याकडची जमीन तेव्हा इतकी तडकलेली असते की चांगली अर्थिंगही नावालाच उरते.