एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, न खेळलेला कॉलेजचा बास्केटबॉलपटू तिथे मुख्य प्रशिक्षक होऊ शकतो का?

होऊ शकतो. एरिक स्पोल्स्ट्राच बघा. पोर्टलंड विद्यापीठाचा पॉइंट गार्ड, म्हणजे संघाची चाल रचणारा खेळाडू. एनबीएचं दार उघडलं नाही, म्हणून जर्मनीत हेर्टनच्या क्लबात खेळाडू-प्रशिक्षक झाला. १९९५ मध्ये एनबीएतल्या मायामी हीट संघाच्या व्हिडिओ खोलीत शिरला. काम रटाळ: प्रतिस्पर्ध्याचे सामने बघायचे, पिक-अँड-रोल (एकाने बचावपटूला अडवून सहकाऱ्याला वाट करून द्यायची आणि मग स्वतः बास्केटकडे धावायचं) आणि टाइमआउटनंतरच्या चाली वेगळ्या काढून प्रशिक्षकांना द्यायच्या. पण खरं शिक्षण तेच. पुन्हा पुन्हा पाहून बचाव नेमका कुठे फुटतो ते डोळ्यांत बसतं. पुढे सहायक, २००८ मध्ये मुख्य प्रशिक्षक, २०१२ आणि २०१३ मध्ये विजेतेपद. स्टीव्ह कर याला सहायकपद न करता २०१४ मध्ये थेट वॉरियर्स या एनबीए संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं, पण त्याच्या गाठीशी खेळाडू म्हणून पाच अजिंक्यपदं होती. तो रस्ता धरून बसू नका.