वाचकांचे प्रश्न : ‘इन’ म्हणजे नेहमी नकारच का?

प्रश्न : ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, मग ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असा अर्थ मुलीने लावला. तो चुकीचा कसा?

उत्तर : मुलीचा तर्क सरळ आहे, पण येथे तो घात करतो, कारण ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ हे उपसर्ग दोन असून ते केवळ दिसायला सारखे आहेत : एक नकार दर्शवतो, तर दुसरा ‘आत’ किंवा ‘वर’ असा अर्थ देतो. ‘इनफ्लेमेबल’मधला ‘इन’ दुसरा आहे. हा गोंधळ जिवावर बेतू नये म्हणून विसाव्या शतकात धोक्याच्या सूचनांवर ‘फ्लेमेबल’ हा शब्द रूढ करण्यात आला, आणि मला तो बदल अत्यंत योग्य वाटतो. न पेटणाऱ्या पदार्थाला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात.

‘इनव्हॅल्युएबल’मध्ये मात्र नकारच आहे, तरीही त्याचा अर्थ कवडीमोल असा होत नाही, ज्याचे मोल करता येत नाही ते, म्हणजे आपले ‘अमूल्य’. हा नकारार्थी ‘इन’ आणि संस्कृतातला ‘अ’ किंवा ‘अन्’ मुळात एकाच कुळातले आहेत.

पुढच्या अक्षरानुसार त्याचे रूपही बदलते. ‘लीगल’ला लागताना ‘इलीगल’, ‘रेग्युलर’ला लागताना ‘इरेग्युलर’, तर ‘पॉसिबल’ला लागताना ‘इम्पॉसिबल’. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, त्यातला ‘त्’ जसा ‘ल’मध्ये मिसळतो, तसाच ‘इलीगल’मधला ‘न’ मिसळला आहे. म्हणूनच इंग्रजीत तेथे दोन ‘एल’ लिहितात.